फोटो एकाचा, नाव दुसऱ्याचं

फ्लेक्सवर फोटो जिवंत माणसाचा होता आणि नाव मेलेल्याचं.

मुक्ताबाई गाडीतून उतरल्या, पदर सावरला आणि मंगल कार्यालयाच्या कमानीकडं मान वर करून बघत राहिल्या. चौथी शिकलेल्या म्हातारीला अक्षरं लावायला वेळ लागतो, असं घरातली नवी मंडळी धरून चालत. या खेपेला वेळ लागला खरा, पण दोष अक्षरांचा नव्हता. कडेनं झेंडूची छापील माळ, मधोमध गुलाबी फेट्यातले त्यांचे मालक, उभ्या आयुष्यात कधी हसले नसतील इतके हसणारे, आणि खाली सोनेरी ठळक ओळ: 'आदरणीय श्री. संभाजीराव भिकाजी रणवरे, अप्पा, यांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा'. त्याच्याही खाली शुभेच्छुक म्हणून नातू दिग्विजय, हात जोडलेला. शुभेच्छुकाचा फोटो सत्कारमूर्तीपेक्षा बोटभर मोठाच होता.

"दिग्या, इकडं ये."

दिग्विजय गाडीच्या बॉनेटवर हार-शाली पसरून कुणाला कुठली घालायची ते ठरवत होता. कारखान्याच्या निवडणुकीत उमेदवारी मिळाल्यापासून त्याची शालींची निवड फार बारकाईची झाली होती. "काय गं आजी?"

"हितं कुणाचं कार्य हाय?"

"असं काय करतीस? अप्पांचं."

"मग वर कुणाला बसवलंय?"

"अप्पांनाच की. फोटो बघ ना."

"फोटो बघितला. नाव बी बघितलं."

दिग्विजयनं खिशातून मोबाईल काढला. कुणाचा फोन नव्हता. पण अडचणीचं उत्तर द्यायच्या आधी मोबाईल काढायची त्याची लहानपणापासूनची खोड. फक्त लहानपणी त्या जागी नाक होतं.

"आजी, आता मोठा समाज जोडायचा आहे आपल्याला. जुनं नाव जरा... लोकांना कळत नाही."

"कुठल्या लोकांस्नी? पळसदेवपासनं काटेवाडीपातूर ह्यांना कुत्रंबी त्याच नावानं वळखतं."

"कुठल्या नावानं?"

 पोरानं नेमकी जागा दाबली होती. नवऱ्याचं नाव मुक्ताबाईंनी आयुष्यात उगाच जिभेवर घेतलं नव्हतं. मतदार यादीवाला दारात आला तरी त्या शेजारणीला पुढं करत आणि ती बरोबर सांगते का ते ऐकत उभ्या राहत. ज्या नावासाठी आज भांडायला उभ्या होत्या, ते भांडताना उच्चारायची सोयच नव्हती.

"सांग ना, कुठल्या नावानं?" दिग्विजय हसत म्हणाला.

"जे तुझ्या बापाच्या नावाला चिकटलंय त्या!"

"तेच तर! माझ्या नावामागं बाबांचं नाव आहे, माझं भागतंय. पण बाबांच्या मागं काय आहे? विजयसिंह थॉमस रणवरे. समोरच्या पार्टीनं काय उठवलंय माहिती आहे? ग्रुपवर टाकलंय, 'रणवऱ्यांच्या घराण्याचा खरा इतिहास काय? हे कधी बाटले?' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मी कुणाकुणाला उत्तर देऊ?"

"कोण बाटलं? तुझी पणजी मरस्तवर नरसिंहपूरच्या देवाचा शनिवार धरत व्हती!" आणि एवढ्यावर थांबतील तर त्या मुक्ताबाई कसल्या. "आन बाटलं असतं तर? ज्या बायांनी तुझ्या आज्याला कापसात गुंडाळून जगवलं, त्यांचं नाव तोंडात धरायला तुला लाज वाटती व्हय? त्यांनी जगवला म्हणून तुझा बाप झाला. तुझा बाप झाला म्हणून तू झालास, आन तू झालास म्हणून ह्यो फ्लेक्स झाला!"

आवाज चढला तसा विजयसिंह आत चाललेल्या पाहुण्यांना हसत हसत नमस्कार करत, कुणाला संशय येऊ नये इतपतच घाईनं, येऊन पोहोचला. मुक्ताबाईंच्या या थोरल्या मुलाला दोन माणसांत भांडण लागलं की दोघांचंही पटायचं. त्यामुळं गावात त्याला शत्रू नव्हता, आणि घरात त्याचा कुणाला भरवसा नव्हता.

"आई, हळू. लोक बघायलेत."

"बघू देत. त्यास्नीबी कळू दे."

"अगं, दिग्याचा एकट्याचा निर्णय नाही हा. गॅझेटला द्यायचं म्हणून आम्ही अप्पांना विचारलं. म्हटलं, कुठलं नाव लावू? तर अप्पाच म्हणाले, संभाजी लावा. पाळण्यातलं नाव होतं ना ते?"

"कुणाच्या पाळण्यातलं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

विजयसिंहला हे उत्तर माहीत नव्हतं. दिग्विजयला तर प्रश्नच कळला नाही. मुक्ताबाईंनी दोघांनाही तिथंच सोडलं आणि चपला फटफटवत आत गेल्या. नातवावरचा राग आता धन्याच्या खात्यावर फिरला होता, आणि तिथं आधीचीही बाकी होतीच.

*

ती गोष्ट त्यांना सासूनं सांगितली होती. भीमाबाईंनी, जुनं घर अजून उजनीच्या पाण्याखाली गेलं नव्हतं तेव्हा, न्हाणीच्या दारात बसून, एकदाच.

भीमाबाईंची आधीची पोरं राहिली नव्हती. म्हणून या खेपेला नवऱ्यानं, म्हणजे मुक्ताबाईंच्या सासऱ्यांनी, भावकीचा विरोध मोडून बैलगाडी जुंपली आणि मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं जुळं झालं. पहिला आला तो लोण्याच्या गोळ्यासारखा. सासऱ्यांनी दारातूनच बघितला आणि लगेच नाव ठेवलं, संभाजी. मागून आला तो मुठीएवढा. त्याच्याकडं बघून सासऱ्यांनी नाव ठेवलं नाही. जाणाऱ्याला नाव कशाला? पाचवी पुजायची म्हणून लोण्याचा गोळा घरी आणला. मुठीएवढा तिथंच राहिला, कापसात आणि गरम पाण्याच्या बाटल्यांत. दवाखान्यातल्या सिस्टरला त्याला काहीतरी म्हणून हाक मारायची होती. तिनं त्याला थॉमस म्हटलं.

आणि झालं ते उलटंच. घरी आणलेल्याला पाचवीच्याच रात्री धनुर्वातानं नेलं. त्याच्यासाठी टांगलेला पाळणा उतरवून ठेवायची वेळ आली. ज्याला कुणी नाव दिलं नव्हतं तो वाढला, आणि महिन्यानं दुपट्यात गुंडाळून घरी आला.

भावकी म्हणाली, आता नाव बदला. भीमाबाई म्हणाल्या, ज्या नावानं यमाला चकवलं ते बदलायचं नाही. धोंड्या, दगड्या, फकिरा अशी नावं ठेवून लोक मरणाला फसवतातच की. आपल्या पोराला सिस्टरनं परस्पर लपवलंय, तर लपलेलाच राहू दे. आणि दुसरी गोष्ट त्यांनी सुनेचा हात धरून सांगितली: "या घरात संभाजी नाव जित्या माणसाला ठेवायचं न्हाय. ते गेल्यालं हाय."

म्हणून विजयसिंह विजयसिंह झाला. म्हणून नात्यातल्या प्रत्येक बारशाला मुक्ताबाई पाळण्याजवळ उभ्या राहत. कुणी ते नाव काढायच्या आत खोडून काढत. आणि आता ते नाव थेट हमरस्त्यावर, सोनेरी अक्षरांत.

*

वरपक्षाच्या खोलीत अप्पा खुर्चीवर बसले होते. नवं धोतर, पांढरा सदरा, मांडीवर बांधून ठेवलेला गुलाबी फेटा. फेट्याकडं ते अशा नजरेनं बघत होते जशी विकायला आणलेल्या म्हशीकडं बघतात. दात मोजल्याशिवाय हात लावायचा नाही.

मुक्ताबाईंनी दार लोटून घेतलं.

"अवं, तुमी संभाजी लावा म्हणालासा?"

"म्हणालो."

"का?"

"इचारलं म्हणून."

"उद्या इचारलं, आजोबा, मढं म्हणून झोपता का, तर झोपणार?"

अप्पांना हसू आलं असावं, पण ते मिशीच्या आतच राहिलं. "बस जरा."

"मी बसायला आली न्हाय. सासूबाईंनी माझ्याकडनं वचन घेतलंय. तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय. पर तुला म्हाताऱ्यानं सांगितल्यालं ठावं न्हाय." अप्पांनी फेटा बाजूला ठेवला. "आमचा बा म्हणायचा, जायाचा तू व्हतास, चुकून त्यो गेला. रागानं न्हाय म्हणायचा. जेवताना म्हणायचा, सादं. पाऊस कुठं पडला ते सांगावं तसं. मी पवायला शिकलो तवा म्हणाला, थोरला असता तर नदी वलांडून गेला असता. माजं लगीन झालं तवा म्हणाला, थोरल्याला घोडा शोभला असता. ऐंशी वर्सं मी त्याच्या जागेवर बसलोय, मुक्ते. पाव्हण्याच्या गादीवर बसावं तसा. आता जायच्या आधी एकदा त्याचं नाव माईकवर पुकारू दे. त्याचाबी एकदा सत्कार हू दे."

मुक्ताबाईंना खरं तर रडू यायला हवं होतं. आलं नाही. संतापच आला, आणि तो आता जाऊन जाऊन गेलेल्या सासऱ्यापर्यंत पोहोचला.

"आन मी? मी कुणाची बायको?"

"आता हे काय?"

"हेच हाय! मी काय त्या गेल्याल्या बाळाशी लगीन लावलं व्हतं? माझ्या भाकरी कुणी खाल्ल्या? धरणाचं पाणी चढत आलं तवा पत्रं डोक्यावर घेऊन माझ्याम्होरं कोण चालत व्हतं? विजूला गोवर आला तवा रात रात कोण बसलं? त्यो का तुमी? आन गादी कुणाची म्हणता? ती गादी मी झटकलीया, मी घातलीया. तिच्यावर कोण बसतंय ते मला ठावं न्हाय व्हय? सासऱ्यानं एक जेवताना बोलायचं, आन तुमी ते आयुष्यभर गिळत बसायचं. मला सांगायचं न्हाय. माझ्या ताटात पडलं असतं तर मी त्यांच्या ताटात परत टाकलं असतं!"

दार उघडलं. विनया आत आली, मागून विजयसिंह. विनया म्हणजे मुक्ताबाईंची धाकटी. बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि जुळ्यांची गोष्ट आईकडून खोदून काढलेली ती एकटीच. आईचा आवाज तिनं पार्किंगमध्येच ओळखला होता.

"विनया, बरं झालं आलीस," विजयसिंह घाईनं म्हणाला. बहीण आपल्या बाजूची आहे असं त्यानं परस्पर धरलं होतं. "तूच सांग आईला. त्या नावानं आपण काय काय सोसलंय."

"सोसलंय खरं," विनया म्हणाली. "हजेरीत 'विनया थॉमस' म्हटलं की वर्ग मागं वळून बघायचा. बाई मला प्रार्थनेला वेगळं उभं करायच्या. नाताळात एकदा कुणाच्या तरी घरून माझ्यासाठी केक आला, चुकून."

"बघ!"

"खाल्ला मी. चांगला होता."

"आणि दाखला काढताना? तलाठ्यानं मला तीन वेळा विचारलं, रणवरे की रॉड्रिग्ज? तू कॉलेजात बाहेरच्या पाटीवर काय लावलंयस? व्ही. टी. रणवरे! मग आता कशाला..."

विनया गोरीमोरी झाली. हिशेब बरोबर होता. मुक्ताबाईंनी लेकीकडं बघितलं. म्हणजे हीसुद्धा त्यांच्यातलीच. बापाचं नाव एका टिंबात कोंबून पाटी मिरवणारी.

"लावलंय," विनया म्हणाली. "चूक आहे ती. पण दादा, मी लपवलं तरी खोडलं नाही. आणि त्या जागी दुसरं कुणाचं बसवलं नाही. तेही ह्या नावाच्या जागी! मी तुम्हाला ह्या नावाचा अर्थ सांगितला होता."

"कधी?"

"एम.ए.ला असताना. जेवताना. तू त्याच दिवशी नवा ट्रॅक्टर आणला होतास. सगळं घर गिअरबॉक्सचं ऐकत होतं. मी दोनदा सुरुवात केली, तर तू म्हणालास, भात वाढ."

"कसला अर्थ?" अप्पांनी विचारलं. "मिशनच्या सायबाचं नाव असंल."

"साहेबाचं नाही, अप्पा. इंग्रजाचंच नाही ते. इंग्रजांनी खूप नंतर उचललं." विनया पलंगाच्या कडेला बसली. वर्गात बसली असती तशी नव्हे. गुडघे जवळ घेऊन, घरातल्यासारखी. "येशूच्या मुलखात अरामी नावाची बोली होती. तिच्यात तओमा म्हणजे जुळा. त्याचं ग्रीकांनी थोमास केलं. येशूच्या बारा शिष्यांतला एक जण जुळ्यातला होता, म्हणून त्याला लोक जुळाच म्हणायचे. बायबलात त्याच्या नावापुढं ग्रीकमध्येही तेच सांगितलंय, ज्याला जुळा म्हणतात तो. त्याचं ठेवलेलं नाव यहूदा होतं, असं तिकडची जुनी मंडळी मानतात. पण ते मागं पडलं. ही हाकच नाव होऊन बसली. केरळातले ख्रिस्ती तर म्हणतात, तो गलबतातून आपल्या देशात आला, इथंच मारला गेला. चेन्नईला त्याची कबर दाखवतात. ते खरं धरलं तर हे नाव इथं इंग्रजाच्या दीड हजार वर्षं आधीपासून आहे."

"भला माणूस व्हता?" अप्पांनी विचारलं.

"संशयी होता. गुरू मेल्यावर पुन्हा उठला म्हणून बाकीचे सांगायला आले, तर हा म्हणाला, त्याच्या जखमांत माझं बोट जाईपर्यंत मी मानणार नाही."

"घ्या!" मुक्ताबाई म्हणाल्या. "आमचंबी तेच. दुधात बोट घातल्याशिवाय गवळ्याला दारातनं हलू देत न्हाईत."

विजयसिंह हसला आणि मग आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे आठवून थांबला. अप्पा हसले नाहीत.

"त्याच्या जोडीचा कोण व्हता?"

"ते कुठं लिहिलेलं नाही."

"जुळा," अप्पांनी शब्द तोंडात फिरवून बघितला. "मंग त्या सिस्टरला ठावं व्हतं?"

"तिला नाही तर कुणाला? रोज बायबल वाचणारी बाई ती. दोघांना जन्मताना तिनं बघितलं होतं. एकाला लोक घेऊन गेले, एक तिच्या हातात राहिला. राहिलेल्याला तिनं काय म्हटलं असेल?"

बाहेर सनईची कॅसेट सुरू झाली होती. अप्पा उठून उभे राहिले आणि खोलीत कुणाला अपेक्षा नव्हती अशा आवाजात ओरडले.

"मला कुणी सांगितलं का न्हाय?"

"अप्पा, मी..."

"तू सांगितलं, ह्यांनी भात वाढ म्हटलं! मला वाटायचं सायबाचं उतरल्यालं नाव हाय. सायबाचा जुना कोट घालून हिंडावं तसा हिंडलो मी! सोयऱ्या-धायऱ्यात माझं नाव पुकारलं की खाली बघायचो. आन त्यो जलमभर माझ्या नावातच बसला व्हता व्हय? मी त्याला भाईर हुडकत फिरलो!"

मुक्ताबाईंनी आयुष्यात नवऱ्याला इतकं संतापलेलं दोन-तीनदाच बघितलं होतं. आज पहिल्यांदा त्यांना ते बरं वाटलं.

नेमका तेव्हाच दिग्विजय दारात आला. कपाळावर घाम, हातात फुललेला हार. "चला अप्पा. पॅनेलचे नेते स्टेजवर येऊन बसलेत. त्यांना पुढं दोन लग्नं आहेत."

"नाव बदल," अप्पा म्हणाले.

"कसलं?"

"फ्लेक्सवरचं. पहिलं लाव."

दिग्विजयनं बापाकडं बघितलं, आत्याकडं बघितलं आणि शेवटी आजीकडं. दोष कुणाच्या नावे मांडायचा ते त्यानं लगेच ठरवलं. "आजी, तू ह्यांना काय सांगितलंस? अप्पा, फ्लेक्स इंदापूरपर्यंत लागलेत. पत्रिका वाटून झाल्यात. नेत्यांचं भाषण त्याच नावानं लिहिलंय. आता बदललं तर उद्या ग्रुपवर काय येईल? मी तोंड कुठं लपवू? एवढीच एक गोष्ट मागितली मी तुमच्याकडं."

अप्पांनी नातवाचा घामेजलेला चेहरा बघितला. हाच पोरगा लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून बांधावरून फिरायचा. म्हाताऱ्याचा राग तिथंच अर्धा उतरला आणि नडला तो तिथंच.

"बरं. विलेक्शन हू दे. मंग बगू."

मुक्ताबाईंना रणवऱ्यांचा 'बगू' चांगला ठाऊक होता. विनयाच्या पुढच्या शिक्षणाला आधी 'बगू'च म्हटलं होतं. ती हट्टानं गेली म्हणून झालं. त्यांच्या गुडघ्याला गेली पाच वर्षं 'बगू' चाललं होतं. या घरात ज्या गोष्टीला 'बगू' म्हटलं ती उजनीत बुडालेल्या घरापेक्षा खोल गेली. ते घर निदान उन्हाळ्यात वर दिसायचं.

 त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर फेटा ठेवला, जरा जोरानंच, आणि पदर खोचून बाहेर पडल्या.

*

स्टेजवर पॅनेलच्या नेत्यांनी 'संभाजीरावांच्या त्यागी जीवनावर' भाषण केलं. ज्या माणसानं जगात पाच दिवस काढले त्याच्या नावावर त्यांनी पाणीवाटप, दूध डेअरी आणि तालुक्याचा विकास जमा केला. पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं एकमेकांकडं बघत राहिली. काटेवाडीच्या सोयऱ्यांपैकी एकानं शेजारच्याला विचारलंसुद्धा, "तोमासअप्पाचा भाऊ हाय का हा? तसाच दिसतोय."

मग एक्क्याऐंशी दिव्यांचं औक्षण झालं. सुना, लेकी, नाती ताटं घेऊन आल्या. मुक्ताबाईंनी सगळ्यात शेवटी ओवाळलं. अप्पा फेट्याखाली मान घालून, दुसऱ्याच्या नावानं आलेलं जेवण जेवावं तसे बसले होते. ज्योतींच्या उजेडात त्यांनी एकदाच वर बघितलं. मुक्ताबाईंना ती नजर ओळखीची होती. पाणी चढत होतं तेव्हाही ते घराकडं असेच बघत होते.

निवेदनाचा माईक वल्लरीकडं होता. वल्लरी म्हणजे दिग्विजयची बायको, पुण्याची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिनं गोड आवाजात जाहीर केलं, "आणि आता आजींनी आजोबांचं नाव घ्यायचं!"

मंडप खुलला. बायका पुढं सरकल्या. मोबाईल वर झाले. दिग्विजयनं समोरून बायकोला खूण केली. वल्लरीनं मुक्ताबाईंच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि माईक बाजूला धरून त्यांच्या कानाशी वाकली.

"आजी, उखाणा त्यांनी लिहून दिलाय. त्यात संभाजीराव आहे." आणि मग आणखी हळू, "मला विनयाआत्यांनी आत्ता सगळं सांगितलं. नवरा तुमचा आहे. तुम्हाला हवा तो घ्या. घरी गेल्यावर यांचं मी बघते."

मुक्ताबाईंनी त्या पोरीकडं नीट बघितलं. लग्नात हिच्या घरच्यांनी मानपानावरून केवढा घोळ घातला होता, तो सगळा त्यांनी तेवढ्या वेळात माफ करून टाकला. चिठ्ठीची घडी करून कमरेला खोचली. माईक दोन्ही हातांत धरला, नवी बाई खुरपं धरते तसा.

इतक्या वर्षांत हे नाव त्यांनी हळदी-कुंकवाला, डोहाळजेवणाला, लेकाच्या लग्नात घेतलं होतं. दरवेळी बायका हसायच्या, आणि आपणही लाजून घाईनं उरकायचो, हे त्यांना आता आठवलं. नवऱ्यासारखंच. मान खाली घालून. त्याची चीड आली आणि त्या चिडीनंच आवाज मोकळा झाला.

"उजनीचं पाणी आलं, उंबऱ्यापातूर काठोकाठ,
थॉमसरावांच्या नावामंदी, दोघा भावांची हाय गाठ!"

टाळ्या पडल्या. उखाण्यावर टाळ्या पडतातच, अर्थ मागून लागतो. तो लागत गेला तसतशा टाळ्या ओळीओळीनं थांबल्या. नेत्यांनी हातातल्या भाषणाच्या कागदाकडं बघितलं, मग फ्लेक्सकडं, मग घड्याळाकडं. कोपऱ्यातून कुणीतरी खसखसलं. आणि मागच्या खुर्च्यांवरून एक म्हातारा, ज्याला बहुतेक आत्ताच उलगडा झाला होता, मोठ्यानं म्हणाला, "म्हंजी ह्यो आपला तोमासअप्पाच की रं!"

"आपलाच!" मुक्ताबाई माईकवरच म्हणाल्या. "मेल्यालं नाव लावलंय ह्यांनी. संभाजी ह्यांचा भाऊ. पाचवीच्या रातीला गेलाय त्यो. त्याला त्याचं नाव राहू द्या, आन ह्यांना ह्यांचं!"

दिग्विजय स्टेजवर धावला. वल्लरीनं माईक घेतला, पण त्याच्या हातात दिला नाही. जेवणाची पहिली पंगत बसत असल्याचं जाहीर केलं. पुढारी उठले, नमस्कार केला आणि पुढच्या लग्नाला गेले. विजयसिंहनं त्यांना गाडीपर्यंत सोडलं. परत येताना मात्र तो पंगतीकडं वळला नाही. कमानीखाली जाऊन त्यानं फ्लेक्सची एक दोरी सोडली, मग दुसरी. कुणी सांगितलं नव्हतं. सोनेरी अक्षरं खाली लोंबली, तेव्हा तोही जरा घाबरल्यासारखा मागं सरला.

स्टेजवर आता दिवे आणि घरचीच माणसं उरली होती.

"संपलं," दिग्विजय आजीला म्हणाला. आवाज रडवेला झाला होता आणि त्याची त्यालाच चीड येत होती. "एका उखाण्यात संपवलंस मला. आता अर्ध्या तासात व्हिडिओ तालुकाभर फिरेल. दारोदार मतं मागायला जाणार आहे मी. लोक तोंडावर विचारतील, हा थॉमस कोण? काय सांगू?"

मुक्ताबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आधी अप्पा बोलले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता आणि डोकं खाजवत होते.

"सांग, माझा आजा हाय. जुळा हाय."

"आणि दुसरा कुठाय म्हणून विचारलं तर?"

"मंग मला बोलवायला धाड," अप्पा म्हणाले. "आमी दोघंबी येतो."